माझ्या फोनपुरतं दहा ते पाच

लग्न होऊन पाचोऱ्याला आले, तेव्हा माझ्या मोबाइलचं वाय-फाय रोज दहाला बंद पडायचं आणि पाचला परत यायचं. तलाठी भरतीचा माझा ऑनलाइन क्लास अकराला असायचा. "तुझा फोन जुना झालाय," मोठे दीर म्हणायचे. मला ते खरं वाटायचं.

एका सकाळी राउटर पुसताना त्याच्या खाली चिकटवलेला कागद दिसला. त्यावर १९२.१६८ने सुरू होणारा, फक्त घरातूनच उघडणारा पत्ता होता आणि पासवर्ड होता. मी तो मोबाइलवर उघडला. घरातल्या प्रत्येक फोनचं नाव आणि त्यापुढे त्याचा आकडा तिथे होता. माझ्या एकटीच्या आकड्यापुढे वेळ लावलेली होती: दहा ते पाच बंद.

मी ती काढून टाकली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लागली आणि पासवर्डही बदलला होता. नवऱ्याला सांगितलं, तर तो मान खाली घालून म्हणाला, "माहीत आहे मला. कामात तुझं लक्ष राहावं म्हणून दादाने केलंय."

शेवटी शेजारच्या अक्कांनी त्यांचा पासवर्ड दिला. त्यांचं वाय-फाय आमच्या गच्चीपर्यंत यायचं. रोज अकराला मी धुणं घेऊन वर जायचे आणि वाळत घातलेल्या साड्यांआड बसून, जिन्यावरच्या पावलांचा कानोसा घेत शिकायचे.