न धुतलेली टाकी

टाकी मी धुतली नव्हती. धुतली, असं सांगितलं होतं.

साठच्या दशकाचा शेवट. सुरतजवळ कडोदऱ्याला हायवेवरच्या एका गॅरेजात मी कामाला होतो. उसाचा हंगाम चालू होता. चलथाणच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या एका ट्रकची डिझेलची टाकी गळत होती आणि ड्रायव्हर आमच्या डोक्यावर उभा होता. टाकी उतरवून धुणं माझं काम, गॅस वेल्डिंग माझ्या जोडीदाराचं. तोही माझ्यासारखा खानदेशातून आलेला. त्याने वेल्ड केलेल्या सांध्याला साबणाचं पाणी लावून टाकीत हवा भरली, तर एक बुडबुडा निघत नसे.

"सोडा लाईसन धुयी ना रे भाऊ?" सोडा लावून धुतलीस ना, असं त्याने विचारलं.

मी 'हो' म्हणून मान हलवली. खरं तर टाकी नुसती उपडी करून निथळवली होती. डिझेलच आहे, पेट्रोल थोडंच आहे, असं मी स्वतःला समजावलं. त्याने ज्योत लावताच तळाशी राहिलेल्या डिझेलची उष्णतेने वाफ झाली, ती पेटली आणि टाकीचा एका बाजूचा पत्रा उडाला. जोडीदाराचं मनगट मोडलं, एक कान कायमचा गेला.

तो दवाखान्यात असताना शेठने कारण विचारलं. मी म्हणालो, "बूच उघडायला विसरला तो, वाफ आत कोंडली."

एवढं वाक्य पुरलं. हात बरा झाल्यावरही हायवेवरच्या एकाही गॅरेजने त्याला काम दिलं नाही. तो बमरोलीला कापडाच्या लूमवर लागला. त्याची जागा मला मिळाली.

तेव्हापासून मी कोणाचं ऐकलं नाही. उकळत्या सोड्याच्या पाण्याने टाकी दोनदा धुवायची. चीर वरच्या बाजूला येईल अशी ठेवायची, चिरेच्या खाली दोन बोटांपर्यंत पाणी भरायचं, सगळी बुचं उघडी. मगच ज्योत.

"टांकीने नवडावे छे के वेल्ड करे छे?" शेठ ओरडायचे. टाकीला आंघोळ घालतोस की काय, म्हणून ड्रायव्हरही हसायचे.

"घाई असेल त्याने पुढच्या गॅरेजात जावं," मी म्हणायचो. कोणी गेले, बरेच थांबले.

अशी काही वर्षं गेली. एकदा शेठ चारचौघांत म्हणाले, "तुझ्या जोडीदारासारखा भुलक्कड नाहीस, म्हणून चालवून घेतो."

मी ज्योत बंद केली. "बूच उघडं होतं, शेठ. टाकी मी धुतली नव्हती. मी खोटं बोललो."

शेठ जवळ येऊन हळूच म्हणाले, "आता कशाला उकरतोस? बाहेर बोललास तर उद्या येऊ नकोस."

"बाहेर तर बोलणारच. उद्या येत नाही."

हातातला सांधा मात्र पुरा केला. साबण लावून तपासला, आणि तडक बमरोली गाठली.

तो लूमच्या शेडबाहेर बिडी ओढत बसला होता. "आज कसा वाट चुकना?" तो हसून म्हणाला.

मी त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसलो.

"टाकी मी धुयी नही व्हती. बूच उघडं व्हतं. तुन्हं नाव मी खराब करं. आज सगळासमोर सांगी उनू. पहिले तुले सांगाले पाहिजे व्हतं. माले माफ कर, भाऊ."