आकड्यामागचं घर

वहिनीला सगळा रस्ता वहिनीच म्हणायचा. नवऱ्याच्या भावंडांचं नातं आधी खालच्या सायकलवाल्यानं उचललं, त्याच्याकडून पोस्टमननं. शेवटी तिच्या आईच्या वयाच्या बायकासुद्धा जिना चढता चढता धापा टाकत हाक मारायला लागल्या, "वहिनी, आहेस का गं वर?"

ती असायचीच. सायकलच्या दुकानावरची ती खोली पूर्वी फोटोवाल्याची होती. त्याचा माणसाएवढा आरसा तिथंच राहिला होता. वहिनीनं पहिल्याच दिवशी तो फिरवून भिंतीकडे तोंड करून उभा केला. "आधी आरशात बघतील, मग पोट आत ओढतील, मग काट्यावर श्वास धरून उभ्या राहतील," ती म्हणाली. "श्वास धरलेली बाई मला नको. तिचं वजन तेवढंच भरतं, पण ती खरं बोलत नाही."

काट्याचीही तिची रीत वेगळी. आकडा वहिनीकडे, आणि उभी राहणारी समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत. वजन किती ते ती सांगायचीच नाही. वाढलं म्हणायची नाही, घटलं म्हणायची नाही. "तुझे कपडे सांगतील तुला. मी कशाला चुगली करू?" दवाखान्यात आकडा मोठ्यानं ओरडतात, बाहेर बाकावर बसलेल्यांची करमणूक होते. इथं तो वहिनीच्या पोटात जायचा आणि तिथंच राहायचा, असा बायकांचा समज. काट्यावरून उतरून त्या स्टुलावर टेकायच्या आणि बोलायला लागायच्या. वजनाबद्दल कमी आणि घराबद्दल जास्त.

या धंद्यात अर्धा वाटा नणंदेचा होता. नणंद वयानं लहान, पण नात्यानं मानाची, म्हणून वहिनी तिला वन्सं म्हणायची आणि अहोजाहो करायची. ती मात्र वहिनीला अगंतुगं. वन्सं आहारशास्त्र शिकलेली, फोनवरून वजन कमी करायचे वर्गही घ्यायची. लग्न होऊन इतकी लांब गेली होती की तिचा चहा व्हायचा तेव्हा इकडे दुपारची भांडी घासून झालेली असायची. कल्पना तिचीच. "वहिनी, तुझ्याकडे माणसं आहेत, माझ्याकडे शिक्षण आहे. तू वजन घे, मी चार्ट करते. दोघींचं अर्धं अर्धं." दारावर पाटी लागली, 'पोषण आणि स्वास्थ्य', आणि खाली बारीक अक्षरात 'नणंद-भावजय'. सायकलवाला पाटीकडे बघून म्हणाला, "नणंद-भावजयीचं जमलंय असं पहिलंच दुकान बघतोय. टिकलं तर फुकट हवा भरून देईन."

टिकलं. चाललं पण. पहिल्या पहिल्यांदा वहिनी वन्संना फक्त आकडे पाठवायची. तर वन्सं म्हणाली, "नुसता आकडा घेऊन मी काय करू? मला घर सांग. कोण आधी जेवतं, कोण मागून, कोण ताटात टाकतं, कोण कुणाच्या ताटाकडे बघतं. आकड्यामागचं घर कळल्याशिवाय चार्ट म्हणजे नुसता कागद." बोलणं खरं होतं. डाळ खा, अंडी खा, काकडी खा हे कुणीही सांगेल. पण सासूच्या डोळ्यांसमोर अंडं खायचं धाडस नसलेल्या बाईला अंडं लिहून काय उपयोग?

लिहायला बसली की वहिनीची ओळ उतारावरून गेल्यासारखी खाली घसरत जायची. म्हणून ती फोनवर बोलून पाठवायची. बाई जिना उतरली की दार लोटायचं, फोन तोंडाशी धरायचा आणि सुरू. आणि वहिनीचं बोलणं म्हणजे काय, तिच्या अंगात माणसं यायची. बाई बोलली तर बाईचा आवाज, सासू आली तर सासूचा, नवऱ्याचं खाकरणं आलं तर तेही. लहानपणापासून गावात तिची ख्याती, की ही तुमच्या तोंडावर गप्प बसते आणि पाठीमागे तुमच्यापेक्षा तुमच्यासारखी बोलते.

वन्संचं उत्तर हसतच यायचं. "वहिनी, पोट दुखलं गं. आणखी एक पाठव. त्या बेकरीवालीचं काय झालं पुढं?" त्या परक्या मुलखात वन्संना बोलायला माणूस नव्हतं आणि इकडे वहिनीला ऐकणारं नव्हतं. नवरा पंप दुरुस्त करून यायचा तो कानात मोटारींचा आवाज घेऊनच. त्यामुळे वहिनी थोडं मीठमसाला लावूनच पाठवायला लागली. तिकडून हसू आलं की दिवस बरा जायचा.

शिवणवाली ही तिची सगळ्यात जुनी बाई. पलीकडच्या गल्लीत एका दाराचं दुकान, मशीन रस्त्याकडे तोंड करून. अबोल बाई, तोंडात सदा टाचण्या. वर्षभर काट्यावर चढली आणि उतरली, अवाक्षर नाही. मग एकदा स्टुलावर बसली आणि धरण फुटल्यासारखी बोलली. जेवायला सगळे एकत्र बसतात, सासू हिच्या ताटावर नजर ठेवते, म्हणून ही अर्धं ताट तसंच सोडून उठते. मग दुकानात अस्तराच्या कापडाखाली बिस्किटांचे पुडे लपवलेले असतात, ते खाते. आणि नवरा हल्ली खाली चटई टाकून झोपतो. म्हणतो, तुझ्या बाजूला पलंगाला खड्डा पडतो, मी घरंगळत येतो.

हे सांगताना ती रडली नाही. नखानं स्टुलाचा रंग खरवडत होती.

वहिनीनं ते सगळं वन्संना सांगितलं. सासूचा आवाज काढला. घरंगळणाऱ्या नवऱ्याचाही काढला, हात पाय झाडत वर चढायला बघणारा. शेवटी म्हणाली, "वन्सं, हिची बिस्किटं तोडू नका एकदम. आधी ताटातलं अर्धं तिला खाता येईल असं काहीतरी काढा." वन्संनी चार्ट धाडला. चांगला होता.

मग कितीतरी दिवसांनी एका सकाळी शिवणवाली वर आली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ती नेहमीसारखी काट्यावर चढली नाही. वाकली, काटा दोन्ही हातांनी उचलला आणि उलटा फिरवून ठेवला, आकडा आपल्याकडे. मग वर उभी राहून खाली बघितलं.

"अगं, काय करतेस?" वहिनी म्हणाली.

"बघते. जगाला ठाऊक आहे, मलाही कळू दे."

"काय झालं?"

"माझी भाची आलीय राहायला. ती फोनवर एक वर्ग करते, वजन कमी करायचा. त्यात बाई गमतीजमती ऐकवतात. म्हणाली, मावशी, ही ऐक, हसून मरशील." शिवणवालीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "ऐकली. तिला माहीत नाही कुणाची ते. माझ्या हातात कात्री होती, गिऱ्हाइकाचं कापड मधोमध कापलं गेलं."

वहिनी स्टुलावर टेकली.

"आवाज तुझा होता," शिवणवाली म्हणाली. "खड्डा माझा होता."

ती उतरली, चपला घातल्या आणि जिन्यानं खाली गेली. भिंतीला हात धरून, हळूहळू, कारण जिना अरुंद होता आणि तिचे गुडघे दुखायचे.

वहिनीनं लगेच फोन लावला. वन्संनी उचलला, मागे भांड्यांचा आवाज.

"वन्सं, मी बोलून पाठवते ते तुम्ही वर्गात लावता?"

"कोण म्हणालं?"

"मी विचारतेय."

"अगं, नाव घेतलंय का कुणाचं? शिकवायला उदाहरणं लागतात. पुस्तकातली मेलेली असतात, तुझी जिवंत असतात. लोक वाट बघतात तुझ्या आवाजाची."

"जिवंत आहेतच. त्यातली एक आत्ता जिना उतरून गेली."

"कळलं कसं तिला? बरं, तो एक काढून टाकते. एवढं काय?"

"बाकीचे?"

"वहिनी, तू पण ना. तू रंगवून सांगतेस, मी हसते, तेव्हा नाही वाटलं काही?"

हा वार बरोबर बसला. वहिनीनं विचारलं, "आणि मी कोण म्हणून सांगता तिथं? आवाज कुणाचा म्हणता?"

"म्हणजे?"

"कोण म्हणून?"

"मदतनीस म्हणते. विनोदी मदतनीस. भागीदार म्हटलं की लोक शिक्षण विचारतात, मग समजावत बसा."

वहिनीनं फोन ठेवला. दारावरची पाटी आतून दिसत नव्हती, पण तिला त्यावरची सगळी अक्षरं दिसत होती. नणंद-भावजय. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते तिनं नाटकासारखं पुष्कळदा करून दाखवलं होतं. आता मानेवर हात गेला.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो पंपाचा वॉशर चाकूनं कापत होता. "ती लहानपणापासून तशीच," तो म्हणाला. "माझ्या गोष्टी शाळेत स्वतःच्या म्हणून सांगायची. सोडून दे. तिच्या चार्टांवर तुझं चाललंय."

"तुमच्या गोष्टीत कुणाच्या पलंगाला खड्डा नव्हता."

"बहीण आहे माझी. तोडणार आहेस का?"

"बहीण तुमचीच राहील. माझी भागीदार नाही राहणार."

तो वॉशर उजेडात धरून बघत बसला. त्याला बसत नसलेल्या वॉशरची सवय होती, बसत नसलेल्या बायकोची नव्हती.

वहिनीनं मग जे केलं ते करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. एकेक बाई वर आली की तिला आधी स्टुलावर बसवायचं आणि तोंडावर सांगायचं. तुझ्या घरचं मी तिकडे सांगत होते, चार्टासाठी सांगत होते, आणि हसायलाही सांगत होते. ते परक्या लोकांनी ऐकलंय. बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून ऐक.

निवृत्त मास्तरीणबाई चष्मा काढून म्हणाल्या, "माझा आवाज काढलास?"

"काढला."

"काढ आत्ता."

वहिनीनं काढला. मास्तरीणबाईंनी शांतपणे ऐकलं. "मी इतकी नाकात बोलते?"

"हो."

"तीस वर्षं पोरं हसायची, मला वाटायचं गणिताला हसतात." त्या उठल्या आणि गेल्या त्या परत आल्या नाहीत. एक जण कानावर हात ठेवून म्हणाली, मला सांगूच नकोस, मग मला राग येणार नाही. बेकरीवाली फुगली ती वेगळ्याच कारणानं. वन्संनी तिची एकही गोष्ट वर्गात लावली नव्हती. "म्हणजे माझं काही सांगण्यासारखंच नाही?"

शिवणवालीकडे वहिनी स्वतः गेली. मशीन चालू होतं. ती उभी राहिली, मशीन थांबेना. शेवटी दोरा संपला तेव्हा थांबलं.

"सगळं ऐक," वहिनी म्हणाली. "माझ्या नणंदेनं कापून लावलंय. पुढचं पण आहे." आणि फोनमधलं आपलंच बोलणं तिनं लावलं. सासू आली, चटई आली, घरंगळणारा नवरा आला. मग शेवटचं ते, हिची बिस्किटं तोडू नका, ताटातलं अर्धं तिला खाता येईल असं बघा.

शिवणवालीनं सुईत दोरा ओवला. पहिल्या फटक्यात गेला नाही, चाटून पुन्हा ओवला. "शेवटचं चांगलं बोललीस," ती म्हणाली. "पण आधी हसलीस. हसून झाल्यावर कीव आली."

"खरंय."

"मग आता काय करू मी त्या किवेचं?" मशीन पुन्हा सुरू झालं.

इकडे वन्संनी वेळ घालवला नाही. चार्ट तीच बायकांच्या फोनवर धाडायची, म्हणजे नंबरही तिच्याकडे होते. सगळ्यांना एकदम संदेश गेला. काही कारणानं वहिनी थोडी थकली आहे, इथून पुढं थेट माझ्याशी बोला, पूर्वीसारखंच, घरच्यासारखं. अर्ध्याअधिक गेल्या. ज्यांना राग आला होता त्यातल्याही गेल्या. वन्संचं बोलणं साखरेसारखं, आणि लांबच्या माणसाची लाज कमी वाटते. सायकलवाल्यानं पाटीकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "खालची ओळ पुसून देऊ का?" रंगाचा डबा त्याच्याकडेच होता. पुसली.

वहिनी आता फक्त वजन घेते. चार्ट हवा असेल तर दवाखान्यात आहाराची बाई बसते, तिचा रस्ता दाखवते. बायका सवयीनं स्टुलावर टेकतात आणि सुरू करतात, काल काय झालं माहितेय का, तर वहिनी हात वर करते. "घरचं घरी ठेव बाई. माझ्याजवळ नको." फोन आत पिशवीत ठेवून ती चेन ओढते, समोरच्याला दिसेल अशी. आवाज काढणं बंद झालंय. वन्संचा सणासमारंभाला फोन येतो तेव्हा ती नवऱ्याकडे देते.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी शिवणवाली वर आली. काट्यावर चढली, भिंतीकडे तोंड करून, जुन्या पद्धतीनं. वहिनीनं खाली बघितलं. पुष्कळ वाढलं होतं. इतकं की काहीतरी घडलंय हे नुसत्या आकड्यावरून कळत होतं. पण काय घडलंय, कुणाच्या ताटावर कुणाची नजर आहे, चटई अजून खालीच आहे की घराबाहेर गेली, यातलं काही कळत नव्हतं.

"उतर," वहिनी म्हणाली.

शिवणवाली उतरली. स्टुलाजवळ जरा थांबली, जणू बसू की नको. वहिनीच्या जिभेवर आलं होतं, काय गं, काय झालं? तिनं ओठ मिटून घेतले. विचारायचा हक्क आपण हसण्यात उडवला, हे तिला समजत होतं, आणि शिवणवालीलाही.

"येते मग," शिवणवाली म्हणाली.

"ये," वहिनी म्हणाली, आणि ती शेवटची पायरी उतरेपर्यंत जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली.