चालत्या मोटरीतले निरोप

आमचा शेजारी गोवर्धन अमरावती ते दर्यापूर सर्व्हिस मोटर, म्हणजे प्रवाशांची बस, चालवायचा. पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. मोटर होती बापूसाहेब वकिलांची, पण त्या रस्त्यावर कोणालाही विचारा, ती गोवर्धनची. माळ्याघरचा माणूस, वांग्याचे वाफे भावाच्या हवाली करून चाकामागे बसला आणि मग त्याला दुसरं काही सुचलंच नाही. त्याची बायको तानुबाई मला म्हणायची, "भाऊजी, माह्या सवतीले चार टायर हायेत." हे मी चार घरी जाऊन सांगितलं. कोणीतरी सांगायला हवंच होतं.

वाटेवरच्या खेड्यांत पोस्टाचं कार्ड कधी पोचेल याचा भरवसा नसायचा. गोवर्धन मात्र रोज पोचायचा. म्हणून लोक त्याच्याजवळ निरोप देत. कोणाची म्हैस व्याली, कोणाचा जावई येणार, कोणाची सासू रुसली, असे वीस-पंचवीस निरोप त्याच्या डोक्यात. कागदावर एक नाही. बापूसाहेबांचा नियम होता, थांब्याशिवाय मोटर थांबवायची नाही. गोवर्धननं तो नियम इमानदारीनं पाळला. तो थांबायचा नाही. नुसता वेग कमी करायचा, खिडकीतून डोकं बाहेर काढायचा आणि सांगायचा, "काकू, तुमचा जावई सोमवारी येऊन राहिला."

इथवर ठीक होतं. निरोप पुढं तोंड करूनही देता येतो. पण काकू मोटरीच्या बाजूनं चालत विचारणार, "एकटाच येते का पोरीले घेऊन?" मोटर पुढं जाणार, काकू मागं पडणार, आणि काकूंच्या मागोमाग गोवर्धनची मान. सांगताना त्याचं रस्त्यावर लक्ष असायचं, ऐकताना नसायचं. बापूसाहेबांनी दोनदा बजावलं होतं, "तिसऱ्यांदा माझ्या कानावर आलं, तर चाक दुसऱ्याच्या हातात देईन." गोवर्धन ते ऐकून दोन दिवस जेवला नव्हता. मग पुन्हा तेच.

त्या माघात जो निरोप भोवला, तो कोणाचा होता ते दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. माझा होता. भाची ललिता हिला खोलापूरकडचं स्थळ आलं होतं. मधे पार्बताबाई होत्या. त्यांचा मळा खोलापूरच्या अलीकडे, अगदी रस्त्याला लागून. मी गोवर्धनला म्हटलं, "पोरगी पसंत हाय का, एवढंच विचार." पण पार्बताबाईंनी जन्मात एका शब्दात उत्तर दिलेलं नाही. पोरगी पसंत होती, पत्रिका जुळत होती, पण पोराच्या आत्याचं म्हणणं असं होतं की, आणि ते म्हणणं ऐकायला गोवर्धननं मान आणखी वळवली.

पुढं खोलापूरच्या किसनरावांची बैलगाडी चालली होती, पानकोबी भरून. मोटरीनं तिला मागून धक्का दिला. गाडी नालीत उलटली, बैल जू तोडून पळाले आणि किसनरावांचा पाय गाडीच्या चाकाखाली आला. त्यांना त्याच मोटरीत घालून गोवर्धननं अमरावतीच्या दवाखान्यात आणलं. नडगी दोन ठिकाणी मोडली होती.

त्या दिवशी मोटरीत अकरा माणसं होती आणि अकराही म्हणायला तयार होती की बैल बुजले. इतकंच काय, खाटेवरून किसनरावही तेच म्हणाले. "बैल बुजले, बावा. तुहा काय दोष? मांगच्या साली पोरगी बाळंत झाली, तो निरोप तूच आनला होता." गोवर्धन खाली मान घालून बसला होता. त्यांच्या प्लास्टरकडे बघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांकडे जाताना त्यानं मला सोबत घेतलं. वाटेत मी सल्ला दिला. "बैलाइवर ढकलून दे. बैल काही साक्ष द्यायले येत नाईत."

"काय झालं?" बापूसाहेबांनी विचारलं. "बैल बुजले म्हणतात."

"बैल नाई बुजले, साहेब. मी मांगं पाहून राहिलो होतो."

"मागं काय होतं?"

"यांच्या भाचीचं लगन."

बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या कपाटातली कायद्याची पुस्तकं मोजू लागलो.

मग ते म्हणाले, "खोटं बोलला असतास तर काढलंच असतं. चाक ठेव, निरोप सोड. आजपासून एकही नाही."

गोवर्धनच्या मनासारखं झालं. मला वाटलं, मिटलं. पण पाचव्या दिवशी तो पुन्हा बापूसाहेबांपुढं उभा राहिला आणि मोटरीची किल्ली टेबलावर ठेवली.

"सहदेवले द्या," तो म्हणाला. सहदेव म्हणजे अकोल्याहून नवीन आलेला ड्रायव्हर. "त्याले या रस्त्यावर कोनी वळखत नाई. मी नाई म्हनतो, तरी लोक हाक मारतेत, अन् हाक आली का मान वळते. चार दिवसांत सहा डाव वळली. मी मोजलं."

"मग तू काय करणार?"

"मांगच्या दारात उभा राहतो. तिकिटं फाडतो, निरोप ऐकतो." बापूसाहेबांनी किल्ली उचलून घेतली.

तानुबाईनं ऐकलं आणि त्या दिवशी घरात पुरण शिजलं. गोवर्धननं ते मुकाट खाल्लं.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम दर्यापूरचं तिकीट काढलं. आता निरोप मागच्या दारातून जात होते. गोवर्धन दांडीला धरून उभा राही आणि उत्तर सावकाश पुरं ऐकून घेई. पुढं सहदेव रस्त्याकडे बघत ठोंब्यासारखा बसलेला. वलगावच्या पुढं चढ लागला. मोटर कुंथू लागली. बघतो तर गोवर्धन तिकिटांचा गठ्ठा छातीशी धरून उभा, आणि त्याचा डावा पाय फळीवर दाबलेला, क्लच दाबावा तसा.

"काहून रे गोवर्धन, मोटर कोन चालवून राहिला?" मी विचारलं.

"सहदेव," तो म्हणाला. जरा वेळानं त्यानं पाय उचलला.