दहा पावलं पुढे चालणारा साडभाऊ

माझ्या साडभावाएवढा मोजमापाचा वेडा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल, आणि माझ्याएवढा फटकळ तोंडाचाही नसेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आम्ही दोघांनी सोबत केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे अकोल्याच्या बायपासवर, टपरीवर, सकाळचा चहा. तेवढ्यात पवनचक्कीचं एक पातं घेऊन लांबच लांब ट्रेलर वळणावर आला. साडभावाला कोणी बोलावलं नव्हतं. तरी हा उठला, हातातला बांबू उंच केला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडला, "येऊ दे, येऊ दे! शेपूट सांभाळ!" ट्रेलरसोबतचा माणूस हातात वॉकीटॉकी घेऊन धावत आला. "ओ बाबाजी, हटा ना बाजूले! मराचं हाय काय?" हा परत आला, बाकावर बसला, चहा बशीत ओतला आणि तसाच निवू दिला. अशा वेळी माणसानं दोन बरे शब्द बोलावेत. मी म्हटलं, "तुही गरज नाई राह्यली आता. ना त्यायले, ना मले. उद्या येऊ नोको सकाळी. झोपू दे मले." तो म्हणाला, "बरं दादा. तुमी झोपा." मी चौथी शिकलेला माणूस, लिहिणं माझं काम नाही. पण हे बोलणं गळ्यात अडकून बसलं आहे. गिळता येत नाही, थुंकता येत नाही.

आमचा धंदा अवजड मालाचा. मी ट्रेलर चालवी आणि हा समोर चाले. मोठमोठे ट्रान्सफॉर्मर, कारखान्यांचे बॉयलर, पुलाचे लोखंडी गर्डर. घराएवढं धूड, खाली मोजता येणार नाहीत एवढी चाकं, आणि वेग याच्या पायांचा. हा थांबला की मी थांबायचं. याच्या खांद्यावर वाळका बांबू, त्याला लाल रंगाची खूण. मालाची उंची तेवढी. प्रत्येक तारेखाली, प्रत्येक फांदीखाली तो बांबू उभा करायचा. तार खाली असली तर लाइनमनला वीज बंद करायला लावायची, मग बांबूच्या टोकाला बांधलेल्या दुबेळक्यानं, म्हणजे बेचक्यानं, ती उचलून धरायची, आणि माझी गाडी तिच्याखालून मुंगीच्या पावलांनी काढायची. बडनेरा ते मूर्तिजापूर बाकीचं जग तासाभरात जाई, आम्हाला दोन दिवस लागत. तीस वर्षं मी या माणसाची पाठच पाहिली. तोंड फार कमी पाहिलं. त्याच्या सदऱ्याला घाम कुठून फुटायला लागतो हे मी डोळे मिटून सांगेन, पण त्याचे डोळे घारे होते हे मला तो गेल्यावर, फोटो लावला तेव्हा समजलं.

घरी तो मला अदबीनं "दादा, तुमी" म्हणे. मी थोरला साडू. पण गाडीसमोर उभा राहिला की नातं खलास. "अबे डावीकडं घे! झोपला काय बे?" संध्याकाळी धाब्यावर हात धुतले की पुन्हा "दादा, तुमी भाकर घ्या ना." माझी बायको म्हणायची, "तुमी दोघं एक संसार करा, आमी बहिनी एकीकडं राहतो."

आयुष्यात एकदाच हा मोजायचं चुकला. अंजनगावच्या रस्त्यावर एका गावाची सिमेंटची कमान होती. त्या कमानीखालून आम्ही किती वेळा गेलो असू. हा म्हणाला, "ही माह्या ओळखीची हाय. येऊ दे." मी येऊ दिलं, आणि बॉयलर कमानीत असा बसला जसं बाटलीत बूच. झालं असं होतं की त्याच्या आदल्या उन्हाळ्यात रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला होता. कमान तिथंच, रस्ता वर आलेला. याला ते पटेना. "रस्ता कसा उठंन? कमान बसली खाली." सरपंच खवळला, "आमची कमान काहून बसंन बे?" दुपारभर आम्ही एकेका चाकाची हवा सोडत होतो. तोवर गावातल्या बायांनी बॉयलरला हळदकुंकू वाहिलं, एकीनं नारळही फोडला. गावानं आम्हाला वांग्याची भाजी आणि भाकरी घातली. मी पोटभर जेवलो. हा मैलाच्या दगडावर पाठ करून बसला, पाणीसुद्धा प्याला नाही.

त्या दिवसापासून त्याचा ओळखीवरचा विश्वास उडाला. स्वतःच्या घराचं दारही तो रोज हातानं चाचपून आत जाई. त्याच्या पोराला मुलगी पाहायला आम्ही तेल्हाऱ्याला गेलो, तर पोहे यायच्या आधी हा उठून दाराला वीत लावून आला आणि मुलीच्या बापाला म्हणाला, "तुमच्या दारातून कपाट निघनार नाई." बाप बिचारा पांढरा पडला. त्याला वाटलं, हे आतापासून कपाट मागून राहिले. आत बायांची रडारड सुरू झाली. माझ्या बायकोनं स्वयंपाकघरात जाऊन समजूत घातली, "त्यायले काही नोको हो, त्यायले फक्त मोजू द्या." लग्न झालं. सून सोन्यासारखी निघाली. सासऱ्यासमोर टेबल सरकवायचं झालं तरी आधी विचारायची.

माझी बायको गेली ती मागच्या उन्हाळ्यात. आमची गल्ली अरुंद, त्यात टीव्हीच्या केबली आणि कपड्यांच्या दोऱ्या खाली आलेल्या. तिरडी उचलली आणि पाहतो तर हा समोर, खांद्यावर बांबू. एकेक केबल उचलून धरत उलट पावलं टाकत होता, आणि हळू आवाजात म्हणत होता, "येऊ द्या... येऊ द्या... उजवीकडं थोडं... सुटली, सुटली." गल्लीच्या तोंडाशी बांबू खाली टेकवून तो लहान लेकरासारखा रडला. मी रडलो नाही. मला त्याचा राग आला होता. माझी बायको काय बॉयलर होती?

मग मी उठणंच सोडलं. जेवण नाही, आंघोळ नाही, भिंतीकडं तोंड करून पडायचं. हा रोज सकाळी साडेसहाला यायचा आणि बांबू दारावर आपटायचा. "उठ बे! रस्ता मोकळा हाय." घरातसुद्धा आता "अबे" म्हणू लागला होता. दादा संपला, तुमी संपलं. मला फिरायला न्यायचा, पण चालायचा दहा पावलं पुढं. सवयच ती. मागं न पाहता ओरडायचा, "खड्डा! कुत्रं! शेन!" सोबत म्हणावी तर बोलणं नाही, एकटं म्हणावं तर समोर ती पाठ. मी त्याला शिव्या देत मागं मागं जायचो. वर्षभर त्यानं मला तसंच ओढलं. एवढा वाईट माल त्यानं जन्मात कधी नेला नसेल.

त्याची बायको त्याच्या तेराव्याला मला म्हणाली, "भाऊजी, त्या दिवशी ते नेहमीसारखेच तयार झाले. आंघोळ केली, सदरा घातला, चपला घातल्या. दारापाशी गेले आन् परत फिरले. म्हने, दादानं नोको म्हटलं. खुर्चीत बसले. मी चहा ठेवला, चहा घेऊन आली तं मान कलली होती." डॉक्टर म्हणाला, कुठंही असते तरी झालंच असतं. असेल. पण 'कुठंही' म्हणजे माझ्या दारात झालं असतं. मी एकदा त्याच्या पुढं धावलो असतो.

मी त्या सकाळी काय केलं ते तिला सांगितलं नाही. इथं लिहितो. सहा वाजता डोळे आपसूक उघडले. दाराकडं कान देऊन पडलो. साडेसहा झाले, सात झाले. दार वाजलं नाही. मनात म्हटलं, चला, ऐकलं बुवानं एकदाचं. पाय पोटाशी घेतले, चादर डोक्यावर ओढली आणि झोपलो. बायको गेल्यापासून एवढी गाढ झोप मला लागली नव्हती.