पाचर नसलेला रंधा

आमच्या घरी बाजरी यायची ती दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खांद्याच्या जोरावर. महाळुंगे पडवळच्या आसपासच्या शेतकऱ्यांची औतं, गाड्या, चौकटी दादा करायचे आणि सुगीला पोती यायची. मग ट्रॅक्टर आले, लोखंडी चौकटी आल्या, पोती थांबली. त्यातच एका छपरावरून पडून दादांचा उजवा खांदा कामातून गेला. आमच्याकडे रंधा पुढे ढकलतात. ढकलला की दादांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आई लोकांचे कांदे काढायला जायची तेव्हा चूल पेटायची. त्याच दिवसांत मी मंचरला कॉलेज केलं. घरातली पहिली पदवी माझी, हे मी कुणालाही सांगते.

नोकरी चाकणला लागली, जपानी कंपनीत. तिथल्या एका साहेबांचे आजोबा सुतार होते. दादांच्या खांद्याचं ऐकून ते म्हणाले, आमच्याकडे रंधा स्वतःकडे ओढतात. मायदेशी परतताना त्यांनी आजोबांचा रंधाच माझ्या हातात ठेवला. बुटका, जड लाकडी ठोकळा आणि त्यात तिरकं बसवलेलं पातं. मऊ लोखंडाला पोलादाचा पातळ थर जोडलेला. कडेला तो दुधावरच्या सायीसारखा दिसायचा.

"वढायचा व्हय? मंग जमंल मला," दादा म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांनी स्वतःहून चहा मागितला.

पुढच्या सुट्टीला मी घरी आले, तर दादा म्हणाले, "पाचर हरवली व्हती गं. म्या नवी ठोकली."

आमच्या रंध्यात पातं लाकडी पाचरीनं आवळतात. यात पाचर दिसेना, म्हणून दादांनी खाच कोरून रुंद केली होती. आता ओढला की पातं थडथडायचं आणि फळीवर ओरखडे उठायचे. मी साहेबांना फोटो पाठवला. उत्तर आलं: पाचर नसतेच. पातंच वर जाड, खाली निमुळतं असतं, ते खाचेत आपोआप आवळतं. तो ठोकळा गेला. पातं शाबूत असेल तर नवा करावा लागेल.

मी वाचून दाखवलं.

"दुसऱ्याच्या आज्ज्याची वस्तू," आई म्हणाली, "इचारायचं तरी!"

"रंधा धरायला मी कुणाला इचारायचं?"

त्यांनी तो गोणपाटात गुंडाळून आढ्याला खोचला आणि भिंतीकडे तोंड करून निजले. शेजारी दारातून ओरडला, "काय राव, जपान लई लवकर संपला!" कुणी हसलं नाही.

पावसाळा तसाच गेला. मग एकदा दादांनी मोडक्या गाडीचं बाभळीचं लाकूड काढलं. पहिला ठोकळा फुटला. दुसऱ्यात पातं सैल बसलं. तिसऱ्याला ते पात्याला काजळ लावून खाचेत दाबायचे, काळे डाग उमटतील तेवढंच खरवडायचे, पुन्हा दाबायचे.

"डोळ्याचं काजळ लाकडाला घालतोय म्हातारा," आई म्हणायची. पण काजळाची डबी स्वतःच भरून ठेवायची.

ओढतानाही खांदा दुखायचा, हे त्यांनी मला सांगितलं नाही. ते दिसत होतं. थोडं काम झालं की हात मांडीवर ठेवून बसून राहायचे.

पातं शेवटी बसलं. काम घेऊन मात्र कुणी आलं नाही. येईल असं मला वाटतही नाही. दारं आता मंचरहून तयार येतात. त्या रंध्यानं दादांनी आमच्या स्वयंपाकघराची चौकट केली. तेवढी एक चौकट झाली.