तीन डबे आणि एक कुलूप

पत्रक लिहिण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. मनवेलपाड्यातल्या फुटक्या गटारापासून न आलेल्या टँकरपर्यंत जे जे म्हणून सडलेलं आहे, त्यावर माझं एकेक पत्रक निघालेलं आहे. पहिल्या ओळीत ‘मुजोर’, ‘निगरगट्ट’ आणि ‘झोपेचं सोंग घेतलेलं’ हे तिन्ही आल्याशिवाय मला पत्रक सुरू झाल्यासारखंच वाटत नाही.

अशी मी दर बुधवारी इंग्रजीच्या क्लासला जात होते. मराठी पाट्यांसाठी दुकानदारांशी भांडलेली मी. कारण सांगते. एका सरकारी कार्यालयात साहेबांनी माझं पत्रक वाचलं, शेजारच्या साहेबांकडे वळले आणि माझ्यादेखत इंग्रजीत काहीतरी बोलले. दोघंही हसले. मी भांडणारच होते, पण कशावरून भांडायचं तेच मला कळलं नाही. भांडता न येण्यासारखा दुसरा अपमान माझ्या माहितीत नाही.

क्लास आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर, सोसायटीच्या खोलीत भरायचा. शिकवणारी एक निवृत्त शिक्षिका. वसईजवळच्या होळी गावात तिची वाडी. येताना पिशवीत तोंडली नाहीतर अळू घेऊन यायची, वाटून टाकायची आणि फी विचारली की ऐकू न आल्यासारखं करायची. आम्ही तिला टीचर म्हणायचो. विद्यार्थिनी म्हणजे बिल्डिंगमधल्या पाचसात बायका, मागच्या चाळीतल्या तेवढ्याच, आणि मी.

टीचर टेबलावर आइस्क्रीमचे तीन रिकामे डबे मांडायची. एकात विशेषणांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात ‘अँड’, ‘बट’, ‘बिकॉज’ असले जोडशब्द. तिसरा डबा खरा वांड. त्यात शेपटीवाली क्रियापदं. ‘टेक’ म्हणजे घेणं, सोपं आहे. पण मागे ‘ऑफ’ची शेपटी लावली की विमान उडतं, ‘ओव्हर’ची लावली की कारभार हातात येतो, ‘अवे’ची लावली की वस्तू काढून घेतली जाते.

“आणि भूतकाळ कुठे लागतो?” टीचर विचारायची.

“तोंडाला,” आम्ही सगळ्या.

“शेपटीला?”

“शेपटीला काहीसुद्धा नाही.”

म्हणजे ‘टेक अवे’चं ‘टुक अवे’ होतं. ‘अवे’ आपला होता तिथेच. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं इंग्रजी झालं, असं टीचरचं मत होतं.

प्रत्येक डब्यातली एक चिठ्ठी उचलायची आणि उभं राहून वाक्य करायचं. अट एकच. वाक्य कालचं हवं आणि खरं हवं. “पुस्तकातला राम आंबा खातो, खाऊ दे,” टीचर म्हणायची. “तुमच्याकडे काल काय झालं ते सांगा.”

चाळीतली एक मावशी राजोडीची, मासळी विकणारी. तिला ‘फ्रेश’, ‘बट’ आणि ‘रॅन आउट’ आलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “फ्रेश बोंबील केम, बट आइस रॅन आउट.” मग मराठीत, “आनि बर्फाचं झालं पानी. आता यापुढचं इंग्रजीत नाय सांगत, शिव्या हायत त्यात.”

माझी पाळी आली की टीचर कपाळाला हात लावायची. मला एक विशेषण आलं तरी मी पदरची चार घालायचे. “द कॉरप्ट अँड लेझी अँड शेमलेस अँड डर्टी...”

“थांब,” टीचर म्हणायची. “एवढी वरात आली, नवरा कुठाय? झालं काय ते सांग ना.”

मला राग यायचा. पत्रकात कोणी असं विचारत नाही.

वर्गात सर्वांत तयार विद्यार्थिनी म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींची आई. आम्ही सगळ्या तिला काकू म्हणायचो. गुडघ्यांमुळे ती बिल्डिंगच्या फाटकाबाहेर पडत नसे, लिफ्टने खाली यायची ती फक्त क्लासला. एवढ्या वयात इंग्रजी कशाला, असं मी एकदा उद्धटपणे विचारलं होतं.

“घरात माझ्यावरून काही बोलायचं असलं की मुलगा नि सून इंग्रजीत शिरतात,” काकू म्हणाली. “दार लावून घेतल्यासारखं. मला फक्त फटीतून बघायचंय.”

त्या दिवसापासून काकू माझी माणूस झाली.

आणि मग नोटीस लागली. सोसायटीच्या खोलीत ‘बाहेरील व्यक्तींचा’ वावर वाढल्याने क्लासबाबत फेरविचार होईल. सेक्रेटरी बुधवारी स्वतः येऊन पाहतील आणि नंतर निर्णय घेतील. बाहेरील व्यक्ती म्हणजे चाळीतल्या बायका. चाळ आमच्या जिन्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि यांच्या घरची धुणीभांडी करायला त्याच बायका वरपर्यंत येतात तेव्हा त्या बाहेरच्या नसतात. खोली गेली असती तर क्लासच गेला असता. चाळीत एवढी जागा नाही, टीचरचं घर लांब, आणि काकूला तर फाटकच लांब.

मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळ्यातच सात विशेषणं होती. टीचरने वाचलं, घडी घातली आणि अळूच्या जुडीला गुंडाळलं.

“त्यांना धडा बघायचाय ना? धडा दाखवू.”

ठीक आहे म्हटलं. पण बुधवारी मी लवकर गेले आणि डब्यांत माझ्या चिठ्ठ्या मिसळल्या. विशेषणांत ‘शेमलेस’, ‘ग्रीडी’, ‘टू-फेस्ड’. क्रियापदांत ‘रॅन अवे’ म्हणजे पळ काढला, ‘गॉट कॉट आउट’ म्हणजे चोरी पकडली गेली. पाहुण्यांनाही चिठ्ठी उचलायला लावायचं, बाकी नशीब बघेल.

सेक्रेटरी आले. मुंबईच्या ऑफिसातून थेट आलेले, गळ्यात ओळखपत्र तसंच. खुर्चीत बसले, चाळीतल्या बायकांकडे पाहिलं आणि इंग्रजीत लांबलचक काहीतरी बोलले, ज्यात ‘व्हेरी नाइस’ तीनदा होतं.

“तुम्ही पण घ्या ना चिठ्ठ्या, साहेब,” मी गोड आवाजात डबे पुढे केले.

त्यांनी हसत हसत एकेक उचलली. ‘हॅपी’, ‘अँड’, ‘वोक अप’. नशीब काही बघत नव्हतं. “आय वोक अप हॅपी अँड फ्रेश,” ते म्हणाले आणि खुर्चीत रेलले.

पुढची पाळी माझी. ‘शेमलेस’, ‘बट’, ‘गॉट कॉट आउट’. अक्षर माझंच. टीचरने ते ओळखलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिली. मी पाणी प्यायला बाहेर गेले.

परत आले तेव्हा काकू उभी होती. एका हातात चिठ्ठ्या, दुसरा हात टेबलावर. ‘न्यू’, ‘बट’, ‘टुक अवे’. माझ्या विषारी चिठ्ठ्यांतली एकही तिला आली नव्हती.

काकूने मुलाकडे पाहिलं आणि एकेक शब्द सुटा सुटा ठेवला. “यस्टर्डे माय सन ब्रॉट अ न्यू लॉक. बट आय टुक अवे द की.”

“व्हेरी गुड,” टीचर सवयीने म्हणाली. मग वाक्याचा अर्थ तिच्यापर्यंत पोचला.

“आई, काय हे?” सेक्रेटरी म्हणाले.

“कालचंच आहे, आणि खरं आहे. काल जेवताना फोनवर इंग्रजीत म्हणालास ना खजिनदारांना? आधी बघून येतो, मग शुक्रवारपासून ‘लॉक अप’. माझ्यासमोर बसून, भात कालवत.” काकूने श्वास घेतला. “निर्णय नंतर घेणार होतास, आणि कुलूप आधी आणलंस?”

“तुला कसं कळलं मी काय म्हणालो ते?”

मासळीवाली मावशी मागून म्हणाली, “दर बुधवारी काय भजन करतो काय आम्ही हितं?”

तेव्हा खोली हसली. सेक्रेटरींच्या कानांचा रंग मी नीट पाहून ठेवला. ‘न्यू’ एवढ्या एका साध्या विशेषणावर म्हातारीने माझ्या सात विशेषणांचं काम करून टाकलं होतं. मला आनंद झाला आणि थोडा जळफळाटही.

“चावी दे आई,” ते हळूच म्हणाले.

“देते की. सांग इंग्रजीत, कशाला हवीय. सगळ्यांना कळेल असं सांग.”

ते उठले. दारापाशी थांबले, काहीतरी बोलणार होते, पण आता कुठल्या भाषेत बोलावं हेच त्यांना ठरवता येईना. ती अडचण मी ओळखते.

नोटीस दुसऱ्या दिवशी फलकावरून गेली. निर्णय कोणी कळवला नाही आणि आम्हीही विचारला नाही. कुलूप मात्र वाया गेलं नाही. ते आता खोलीला लागतं आणि चावी काकूच्या कनवटीला असते. दर बुधवारी ती लिफ्टने खाली येऊन दार उघडते, आणि चाळीतल्या बायका आधी आत जातात.