दारूवाले मामू

दारूवाले मामू मयताला गेले तरी हसताहेत असं वाटायचं. ओठाला कॅन्सर झाला म्हणून सोलापूरच्या डॉक्टरांनी त्यांचा खालचा अर्धा ओठ काढला होता. उरलेला शिवताना तोंड एका बाजूला वर ओढलं गेलं. "मरताना हसायचं, ते आधीच शिवून घेतलंय," असं सांगायचे.

लग्न होऊन तेरखेड्याला आले, तेव्हा शेजारी 'दारूवाले' राहतात हे ऐकून मी दाराला कडी लावून बसायची. मग कळलं, हे पाच वेळा नमाज पढणारे मामू शोभेची दारू करतात. पुढे मी त्यांच्याकडेच कागदाच्या नळ्या वळायला जाऊ लागले. चौथी शिकलेली, पण परक्यासमोर माझं तोंड उघडत नसे. "बेटी, तू भिजलेली वात," मामू चिडवायचे. "घरात ठेवायला लई बरी!"

ओठ बरा होऊन बरीच वर्षं झाली आणि मामू थकू लागले. पोटात डावीकडं जड वाटायचं. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून माझे मालक त्यांना सोलापूरला घेऊन गेले. या वेळी रक्ताचा कॅन्सर निघाला. परत आल्यावर मामूंनी भुईनळे, वाती सगळं झाकून ठेवलं आणि ओट्यावर बसून राहिले.

"डॉक्टर म्हणले, दारू पुरी बंद. आता जगून करू काय?"

पुढच्या खेपेला मीही बरोबर गेले. मालक औषध आणायला बाहेर गेलेले.

मामूंनी विचारलं, "साहेब, एक कॅन्सर भोगलाय. दुसऱ्यात काय सूट?"

"उलट आहे," डॉक्टर म्हणाले. "आधी एक होऊन गेलेला माणूस बहुधा कमी टिकतो. पण हा रोग हळू चालणारा आहे. काहीजण वर्षानुवर्षं काढतात. दारू सोडलीत ना?"

"सोडली, साहेब." मामूंचे डोळे भरले, पण तोंड हसत होतं.

डॉक्टर रागावले. "थट्टा वाटते? या वयातही सुटत नाही?"

दातात धरलेला माझा पदर कसा सुटला कळलं नाही. "साहेब, ते पीत न्हायत. उडवतात!"

"उडवतात?" डॉक्टरांनी विचारलं. सगळं समजल्यावर त्यांनी हसून हसून चष्मा पुसला. "मग उडवा की! फक्त लांबून."

बाहेर आल्यावर मामू मालकांना म्हणाले, "तुमची भिजलेली वात लई मोठ्यानं उडाली!"

मामूंनी पुन्हा काम सुरू केलं आणि कितीतरी दिवाळ्या काढल्या. "आलात?" असं डॉक्टरांनी विचारलं की म्हणायचे, "व्हय साहेब. हळू वात हाय, अजून संपली न्हाय."

शेवटच्या दिवाळीला त्यांना उठवत नव्हतं. बाजेवर पडूनच त्यांनी मला भुईनळा पेटवायला लावला. वात धुरकटली आणि गप्प झाली. मी वाकून बघायला निघाले.

"थांब बेटी! विझला वाटलं तरी लगेच जवळ जायचं न्हाय."

आणि भुईनळा दारातल्या कडुलिंबाच्या शेंड्यापर्यंत उडाला.

त्याच थंडीत मामू गेले. तोंड हसतच होतं. सगळे जवळ जाऊन बघून आले. मी मात्र थोडा वेळ लांबच थांबले.